फूट-मीटर रूपांतर (पंचगंगेची पाणीपातळी)

लांबी-उंचीचे ब्रिटिश मापन दशमान पद्धतीत बदलण्याची रीत. 1 इंच म्हणजे नेमके 25.4 मिमी, 1 फूट म्हणजे 0.3048 मी, 1959 च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे प्रमाण ठरले. भारतात 1956 च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली. जमिनीचा गुंठा मात्र 33 फूट चौरसाचाच राहिला (बाजू 10.06 मी).

कोल्हापुरात पावसाळा फुटांतच मोजला जातो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट (11.89 मी) व धोका पातळी 43 फूट (13.11 मी) आहे. ही उंची बंधाऱ्यावरील मोजपट्टीची. पूर नियंत्रणाच्या तक्त्यांत मीटरमध्ये येणारा पाचशेहून मोठा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. तो नुसत्या गुणाकाराने मिळत नाही, त्यात पट्टीच्या शून्याची उंची मिळवावी लागते.

खरी गफलत टिंबाची. ‘41 फूट 10 इंच’ घाईत ‘41.10’ असे लिहिले जाते. बारा इंचांचा फूट असल्याने आधी सर्व इंच करावेत: 41 × 12 + 10 = 502; त्याला 2.54 ने गुणल्यास 1,275 सेंमी, म्हणजे 12.75 मी. टिंब दशांश समजल्यास उत्तर 12.53 मी. येते. फरक सुमारे 22 सेंमी, अर्थात नदीकाठच्या घराची एक पायरी. चार फुटांच्या इशारा-धोका अंतरात ही चूक किरकोळ नव्हे.