लवणारे पाते

चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पवनचक्कीचे पाते लांबलचक ट्रेलरवरून जाताना मी पाहिले. चाक खड्ड्यातून गेले की त्याचे टोक हातभर वरखाली होई. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठाराकडे ते चालले असावे. एवढ्या अवाढव्य यंत्राचे पाते इतके लवावे, हा दोष की हेतू? या प्रश्नाचा माग मला पवनचक्कीच्या इतिहासात घेऊन गेला.

आधी अडचण पाहू. वारा जमिनीलगत मंद असतो, उंचावर वेगवान. पाते वर गेले की त्यावरचा जोर वाढतो, खाली आले की घटतो. म्हणजे दर फेऱ्याला पात्याच्या बुंध्याशी एक हिसका. मिनिटाला १५ फेरे अखंड धरले, तर वीस वर्षांत असे हिसके पंधरा कोटींवर जातात. वादळाला पुरून उरलेले पातेही या रोजच्या हिसक्यांनी थकते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसे.

यावर मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रयोग अमेरिकेत झाला. पामर पुटनम यांच्या कल्पनेतून १९४१ साली व्हरमाँट राज्यातील ग्रँडपाज नॉब या डोंगरावर १,२५० किलोवॉटचे यंत्र उभे राहिले. त्याची दोन्ही पोलादी पाती बिजागरीने जोडलेली होती, झोत आला की मागे झुकणारी. २६ मार्च १९४५ रोजी त्यातले एक पाते तुटून पडले आणि यंत्र कायमचे थांबले. मात्र तुटला होता तो बुंध्याजवळचा कणा. तो कमकुवत असल्याचे आधीच ठाऊक होते. युद्धकाळातील टंचाईमुळे त्याची मजबुती राहून गेली होती. झुकण्याची कल्पना त्या अपघाताची कारण नव्हती, तरी तिचे नाव त्याच्याशी जोडले गेले.

१९५७ साली युरोपात दोन वाटा फुटल्या. डेन्मार्कमध्ये गेडसर येथे योहानेस यूल यांनी २०० किलोवॉटचे यंत्र उभारले. त्याची तीन पाती ताणांनी एकमेकांना जखडलेली होती. जर्मनीत उलरिक ह्यूटर यांनी १०० किलोवॉटच्या यंत्राला काचतंतूंची दोन हलकी पाती दिली आणि ती बागेतल्या सी-सॉसारखी झुलतील असा सांधा बसवला. गेडसरचे यंत्र १९६७ पर्यंत चालले. पुढे तेलटंचाईच्या काळात डॅनिश कारखानदारांनी तोच तीन पात्यांचा ताठ साचा उचलला आणि तो जगभर गेला. ह्यूटर यांचे काचतंतू जगाने घेतले, त्यांचा झुलता सांधा मागे पडला. १९८६ साली कोकणात देवगडला प्रात्यक्षिक पवनक्षेत्र झाले. आपल्याकडे ही वीज आली, तोवर ताठपणाचा निकाल लागून गेला होता.

मग आकार वाढत गेले. पात्याची लांबी दुप्पट केली तर वीज चौपट मिळते, पण त्याच प्रमाणात घडवलेल्या पात्याचे वजन आठपट होते. पुण्याच्या सुझलॉनने अमेरिकेत बसवलेल्या एस-८८ यंत्रांच्या काही पात्यांना तडे गेले. २००८ साली कंपनीने १,२५१ पाती मजबूत करण्याचे काम जाहीर केले. भर घालून मजबुती आणता येते, पण प्रत्येक भरीचे वजन पुन्हा त्याच बुंध्यावर येते.

दुसरा मार्ग आमच्या जळगाव जिल्ह्याच्या शेतात उभा आहे. केळीच्या पानाचा देठ पन्हळीसारखा असतो. तो पानाचा भार पेलतो, सहजी वाकत नाही. पण पिळवटतो लगेच. वारा सुटला की पान वळते, मिटते आणि वाऱ्याला कमी अंग देते. नव्या पात्यांत तंतू तिरके बसवून हेच साधतात. झोताने पाते वाकले की आपोआप थोडे पिळते आणि वाऱ्याचा जोर निसटून जातो. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या प्रकल्पात टोकाकडे कोयत्यासारखे मागे वळलेले, सुमारे २७ मीटर लांबीचे पाते याच तत्त्वावर घडवले गेले.

यात धोकाही आहे. फार लवणारे पाते मनोऱ्यावर आपटू शकते. म्हणून आता कित्येक पाती घडवतानाच वाऱ्याच्या दिशेने किंचित वाकवलेली असतात. जोर आला की ती सरळ होतात.

केळीला घड लागला की आमच्याकडे बांबूचा टेकू देतात. यूल यांचे ताण त्याच जातीचे. पण पानाला टेकू कुणी देत नाही; त्याचे ते पाहून घेते. महामार्गावर हलणारे ते टोक आठवले की वाटते, पुटनम यांच्या बिजागरीचे काम आता पाते स्वतःच्या अंगातच करू लागले आहे.