मळवलीचे तिकीट

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, लढाया आठवतात. शाळेच्या पुस्तकातही बहुधा तेच. पण ज्यांनी नांगर धरला, रंधा मारला, दुकान चालवले, त्यांची नावे इतिहासात कुठे सापडतात का? सापडतात. ती बघायला फार लांब जायला नको आणि फार पैसाही नको. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल धरावी आणि मळवलीला उतरावे. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी परत येतो.

मळवलीच्या दक्षिणेला भाजे आणि उत्तरेला कारले. मधून इंद्रायणीचे खोरे. या खोऱ्यातून आज लोहमार्ग जातो, जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि नवा द्रुतगती मार्गही जातो. असे का? कारण कोकणातून घाट चढून देशावर यायची वाट पूर्वीपासून इथलीच. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर याच बाजूने वर येई. वाट आली म्हणजे वाटसरू आले, वाटसरू आले म्हणजे विसावा आला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा बौद्ध संघाचा नियम. मग डोंगर कोरून त्यांची सोय झाली. लेणी एकांतात असली, तरी ती रस्त्याला धरूनच आहेत.

आधी भाज्याला जावे. स्टेशनापासून गाव चालत गाठता येते आणि पुढे पायऱ्यांची चढण आहे. येथील चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले मानतात. त्याचे खांब आत कललेले आहेत. लाकडी घर बांधणाऱ्या कारागिराची सवय दगडात उतरली, ती अशी. इथल्या एका पाण्याच्या टाक्यावर ते देणाऱ्या महारठी विण्हुदत्ताचे नाव आहे. महारठी म्हणजे मोठा अधिकारी माणूस, त्याचे नाव असणारच. पण सहाव्या लेण्याच्या दारावरचा छोटा लेख बघा. हे दान एका हालिकाच्या बायकोचे आहे, असे तो सांगतो. हालिक म्हणजे नांगरकरी. तिचे नाव बोधी असे वाचतात. शेतकऱ्याच्या घरातल्या त्या बाईने गाठीचा पैसा दिला आणि दोन हजार वर्षे तिचे नाव डोंगराने सांभाळले. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या पणजीच्या आईचे नाव सांगता येईल?

दुपारी रूळ ओलांडून कारल्याकडे वळावे. पाय दुखत असतील तर रिक्षा मिळते. वर एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी बांधवांची ही देवी, त्यामुळे मुंबई-कोकणची माणसे इथे सदा भेटतात. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. लांबी सुमारे १२४ फूट, आत ३७ खांब, आणि छताला जुन्या लाकडी कमानी. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या शेठजीने हे शैलगृह पुरे केले असे लेखात आहे. ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असेही त्यात अभिमानाने म्हटले आहे.

पण शेठजी एकटा नव्हता. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, त्याचे नाव आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, नाव आहे. स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांनीही एकेक खांब दिला. आणि राजे? नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने या भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याचा लेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. तरी सातवाहनांच्या काळातल्या लेखातही त्याच गावाचे दान भिक्षूंना दिलेले दिसते. सत्ता बदलली, पण भिक्षूंचे गाव त्यांच्याकडेच राहिले.

आता ज्या रुळांवरून आपण आलो, त्यांचाही विचार करावा. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ साली सुरू झाली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे डोंगर फोडत होते. पटकी आणि अपघात यांत हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्या खांबावर आहेत? मला तरी कुठे दिसली नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नांगरकऱ्याच्या बायकोला जे मिळाले, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या या माणसांना मिळाले नाही.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलांची सहल काढाल तेव्हा त्यांना आधी वर्गात ब्राह्मी लिपीची दहा-बारा अक्षरे शिकवा. मग खांबावरचे एखादे 'दानं' त्यांना स्वतः शोधू द्या. भिंतींवर अलीकडच्या हौशी लोकांनी कोरलेली नावेही त्यांच्या दृष्टीस पडतील. तीही दाखवा, आणि कुणी काय देऊन नाव लिहिले हे त्यांनाच विचारा. भाकरी आणि पाणी बरोबर असू द्यावे. परतीच्या लोकलची वेळ मात्र मळवलीला उतरतानाच विचारून ठेवावी, म्हणजे कारल्याच्या पायऱ्या उतरताना घाई होत नाही.