वाडा, कमान आणि माळ : विद्येच्या घरांची गोष्ट

सालाबादप्रमाणे गणराय घरोघरी आले आहेत. विद्येच्या या देवतेला आपण मखर बांधतो, आरास करतो. पण प्रत्यक्ष विद्येसाठी आपल्या माणसांनी कशी घरे बांधली, याची आठवण क्वचितच निघते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत कॉलेज आणि विद्यापीठांच्या इमारतींविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही ठरवले. इमारत बांधताना आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : इथे शिकायला कोण येणार? त्याचे उत्तर नकाशात उतरते आणि पुढे शंभर वर्षे टिकते.

सुरुवात पुण्यापासून करू. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. वाड्याची रचना आपल्या ओळखीची असते. मध्ये चौक, भोवती सोपे, वर माडी. गुरूपुढे दहा-पंधरा शिष्यांनी मांडी घालून बसावे, यासाठी ती उत्तम होती. मात्र एका प्राध्यापकापुढे शंभर विद्यार्थी बसवायचे, प्रयोगशाळा मांडायची, हजारो ग्रंथ ठेवायचे, तर वाडा अपुरा पडू लागला. डेक्कन कॉलेज 1868 मध्ये गावाबाहेर येरवड्याच्या बाजूला गेले. तिथली टोकदार कमानींची दगडी इमारत हेन्री विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने आखली होती. फर्ग्युसन कॉलेजही 1885 मध्ये पुण्यातल्या एका वाड्यातच जन्मले आणि दहा वर्षांनी चतुःशृंगीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत गेले. मैदान, वसतिगृह, झाडांची सावली या गोष्टी कॉलेजच्या नकाशात आल्या त्या अशा.

मुंबईची कथा वेगळी आहे. मुंबई विद्यापीठ 1857 चे, पण त्याचा दीक्षान्त सभागृह 1874 मध्ये, तर ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. या इमारतींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत बसून केला. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. तरी ऊन-पावसाचा विचार त्यात आहे. सभोवती कमानींचे व्हरांडे आहेत आणि कोपऱ्यांवर उघडे गोल जिने. त्यात वर्ग भरवायच्या खोल्या मात्र नव्हत्या. विद्यापीठ तेव्हा फक्त परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवायचे काम कॉलेजांचे होते. म्हणून एक सभागृह आणि एक ग्रंथालय एवढेच पुरेसे ठरले. विद्यापीठ स्वतःला काय समजते, हे त्याच्या नकाशावरून कळते ते असे.

संस्थानांनी आपली वाट काढली. कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट यांनी राजाराम हायस्कूलची इमारत आखली. नवा राजवाडाही त्यांचाच. इंग्रजी मांडणीवर देशी कमानी, छत्र्या आणि जाळ्या बसवायची त्यांची रीत होती. बडोद्यात रॉबर्ट चिझम यांनी कॉलेजच्या इमारतीवर भव्य घुमट चढवला. तो पाहताना आपल्याकडच्या माणसाला विजापूरचा गोल घुमट आठवल्यावाचून राहत नाही. राजांना विद्या दिमाखात बसलेली हवी होती, आणि तो दिमाख आपल्या मातीतला हवा होता.

या सगळ्यात आपण कुठे होतो? बेळगावात 1933 पर्यंत कॉलेजच नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणे, कोल्हापूर, सांगलीचे विलिंग्डन किंवा धारवाड गाठावे लागे. धारवाडचे कर्नाटक कॉलेज 1917 मध्ये सुरू झाले. त्याला मिळालेली इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय म्हणून बांधलेली होती. रेल्वेच्या कारकुनांसाठी आखलेल्या दालनांत पुढे आपल्या भागातल्या कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या.

पण शेतकऱ्याच्या मुलाची खरी अडचण वर्गखोलीची नव्हती. परगावी राहायचे कुठे आणि जेवायचे काय, ही होती. ती राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच धागा पुढे नेला. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि अंगमेहनत करून शिकत. आमच्या मते गेल्या शतकात विद्येच्या नकाशात पडलेली सर्वांत मोठी भर म्हणजे कमान नव्हे, घुमटही नव्हे. ती म्हणजे मुलांची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर.

1933 मध्ये बेळगावात लिंगराज कॉलेज निघाले आणि 1945 मध्ये टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी कॉलेज. ही दोन्ही कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती धारवाडशी जोडली गेली. येळ्ळूरच्या मुलाला सकाळी भाकरी बांधून निघून संध्याकाळी घरी परतता येऊ लागले. एवढ्या एका गोष्टीने आमच्या गावात किती घरांची दिशा बदलली!

1962 मध्ये कोल्हापूरजवळ सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ आले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यापुढे साडेआठशे एकरांचा उघडा माळ होता. अशा जागी इमारतीइतकेच पाण्याचे नियोजन लागते. तळी, विहिरी आणि झाडे यांनी त्या माळाचे रूप पालटले. माळाचा उतार ओळखून पावसाचे पाणी अडवणे, हाही वास्तुरचनेचाच भाग आहे, हे तिथे दिसते.

1998 मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आमच्या शेजारी मच्छे इथे उभे राहिले. एके काळी ज्या गावाला कॉलेज शंभर कोसांवर वाटे, त्याच्या शिवाराजवळ आता विद्यापीठ आहे.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. आमच्या ओळखीची कित्येक मुले-मुली आज बसस्टँडवर, देवळाच्या कट्ट्यावर किंवा घरच्या सोप्यात दूरदर्शन संच चालू असताना परीक्षेचा अभ्यास करतात. कॉलेज जवळ आले, पण शांतपणे बसायची जागा मिळतेच असे नाही. उद्या गावात अभ्यासिका बांधायची झाली, तर वर सांगितलेली सगळी घरे आपल्याला शिकवू शकतील. उत्तरेचा सौम्य उजेड घ्यावा. आपल्याकडच्या पावसाला तोंड देईल असे उतरते छप्पर आणि रुंद व्हरांडा असावा. छपराचे पाणी टाकीत उतरावे. मुलींना रात्री आठपर्यंत निर्धास्त बसता येईल अशी जागा आणि सोय असावी. डबा खायला एक कोपरा हवाच. घुमट नसला तरी चालेल.

मखरासाठी आपण दरवर्षी वर्गणी काढतोच. त्यातली थोडी बाजूला ठेवून बाप्पाच्या साक्षीने या कामाचा श्रीगणेशा करता येईल का, याचा विचार सर्व कुटुंबांनी करावा, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!