पुठ्ठ्याचें तिकीट

जनावराच्या मागील मांसल भागास आपण पुठ्ठा म्हणतों, आणि पुस्तकाच्या पाठीपोटास आधार देणाऱ्या जाड कागदासही तेंच नांव देतों. दुसऱ्याची पाठ राखणें हाच या वस्तूचा धर्म. वहीचें वेष्टण, चपलांचें खोकें, औषधाची डबी, सर्वत्र तो परक्या वस्तूसाठीं झिजतो. पण एके काळीं त्यानें माणसाच्या सचोटीचीही पाठराखण केली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

थॉमस एडमंडसन हा इंग्लंडांतील लांकडी सामान बनविणारा कारागीर. धंद्यांत त्याचें दिवाळें निघालें, तेव्हां १८३६ सालीं न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर त्यानें नोकरी धरली. त्या काळीं उतारूंचीं तिकिटें कागदावर हातानें लिहून द्यावीं लागत. त्यांत वेळ मोडे. शिवाय कारकुनानें किती पैसे घेतले व किती भरले, हें पडताळण्यास खात्रीचें साधन नव्हतें.

एडमंडसननें पुठ्ठ्याचे सुमारें सव्वादोन इंच लांबीचे तुकडे केले आणि त्यांवर अनुक्रमांक घातले. पुठ्ठा ताठ, म्हणून तिकिटें उभ्या नळींत एकावर एक रचतां येत, आणि एक काढलें कीं दुसरें त्याच्या जागीं येई. यंत्रांत दाबतांच तारीख उमटे. सायंकाळच्या अंकांतून सकाळचा अंक वजा केला कीं विक्रीचा आंकडा हातीं येई. कारकुनावर संशय घेण्याचें कारण उरलें नाहीं, आणि प्रामाणिक कारकुनास आपला प्रामाणिकपणा दाखवितां येऊं लागला.

इतर कंपन्यांनींही ही पद्धत उचलली. मार्गाच्या दर मैलामागें सालीना दहा शिलिंग असा एडमंडसनचा आकार असे. आपल्याकडे १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवली. पुढें येथेंही हेंच तिकीट रूढ झालें. खिडकीपलीकडचा तो यंत्राचा खट्ट आवाज आणि तपासनिसानें चिमट्यानें पाडलेलें भोंक अनेकांस आठवत असेल. ब्रिटनच्या रेल्वेनें १९९० सालीं तें बंद केलें. आपल्याकडेही संगणकापुढें तें मागें पडलें.

एडमंडसन १८५१ सालीं वारला. हातीं पैसा येतांच त्यानें आपले जुने सावकार गांठून त्यांचें देणें पुरें फेडलें होतें. दुसऱ्यांच्या हिशेबाची सोय लावणाऱ्या या माणसानें स्वतःचा हिशेबही अपुरा ठेवला नाहीं.