पाच पराभवांनंतरचा चषक : न्यूयॉर्क लिबर्टीचा २०२४ चा हंगाम

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजेच डब्ल्यूएनबीएमध्ये, न्यूयॉर्क लिबर्टी या संघाने २० ऑक्टोबर २०२४ रोजी मिनेसोटा लिंक्सचा ६७-६२ असा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळविले. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये झालेला हा सामना अंतिम मालिकेतील पाचवा आणि निर्णायक होता. निर्धारित ४० मिनिटांत बरोबरी झाल्याने तो जादा वेळेपर्यंत लांबला.

ही लीग १९९७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. त्या आठांपैकी लिबर्टी, लॉस एंजेलिस स्पार्क्स आणि फिनिक्स मर्क्युरी हे तीनच संघ मूळ शहरात आणि मूळ नावाने उरले. त्यांत चषकाविना राहिलेला संघ लिबर्टी हा एकटाच होता. १९९७, १९९९, २०००, २००२ आणि २०२३ अशा पाच वेळा तो अंतिम फेरीत पोहोचला आणि पाचही वेळा हरला. त्यामुळे २०२४ च्या हंगामाचा विचार केवळ त्या वर्षीच्या गुणतक्त्यावरून करणे अपुरे ठरेल.

पूर्वपीठिका

पहिल्या चार वर्षांत ह्यूस्टन कॉमेट्स या संघाने लीगवर निरंकुश राज्य केले. चारही विजेतेपदे त्यांची. त्यांतील तीन लिबर्टीला हरवून मिळालेली. १९९९ च्या अंतिम मालिकेतील दुसरा सामना न्यूयॉर्कचे जुने चाहते आजही सांगतात. ह्यूस्टनच्या मैदानावर यजमान संघ आघाडीवर होता, घड्याळात अगदी शेवटचे क्षण उरले होते आणि विजयोत्सवाचे रंगीत कागद छतावरून पडू लागले होते. तेवढ्यात टेरेसा वेदरस्पूनने मैदानाच्या मध्यरेषेच्याही मागून चेंडू फेकला आणि तो थेट बास्केटमध्ये गेला. लिबर्टीने सामना ६८-६७ असा जिंकला. मात्र दुसऱ्या दिवशीचा निर्णायक सामना ह्यूस्टननेच जिंकला. संघाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण हा हरलेल्या मालिकेतला आहे, हे लिबर्टीचे दुर्दैव म्हणावे लागेल.

पुढची अवनती मैदानाबाहेरची होती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या जगप्रसिद्ध वास्तूत खेळणारा हा संघ मालकांनी २०१७ च्या अखेरीस विक्रीस काढला. ग्राहक लवकर मिळेना. तेव्हा २०१८ पासून संघाचे बहुतेक सामने शहराबाहेर, व्हाइट प्लेन्स येथील वेस्टचेस्टर काउंटी सेंटरमध्ये हलविण्यात आले. तेथे जेमतेम पाच हजार प्रेक्षकांची सोय होती. त्या हंगामात लिबर्टीने ३४ पैकी केवळ ७ सामने जिंकले. २०१९ च्या जानेवारीत अलीबाबा या चिनी कंपनीचे सहसंस्थापक जो साय यांनी संघ विकत घेतला आणि तो ब्रुकलिनला आणण्याचे ठरविले. परंतु २०२० मध्ये महासाथ आली. सगळी लीग फ्लोरिडातील एका बंदिस्त संकुलात खेळविली गेली आणि लिबर्टीची कामगिरी २२ सामन्यांत २ विजय अशी राहिली. त्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकाने आलेली सब्रिना आयोनेस्कू तिसऱ्याच सामन्यात घोटा दुखावून बाहेर पडली.

या खर्चिक मालकांविषयीचा एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. २०२१ च्या हंगामात त्यांनी आपल्या खेळाडूंना खास भाड्याच्या विमानाने सामन्यांना नेले. लीगच्या नियमांनुसार सर्वांनी साध्या प्रवासी विमानानेच जायचे होते, कारण सर्वच मालकांना हा खर्च झेपणारा नव्हता. लीगने लिबर्टीला ५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. पुढे २०२४ मध्ये लीगनेच सगळ्या संघांसाठी भाड्याच्या विमानांची व्यवस्था केली. ज्या गोष्टीसाठी दंड झाला तीच तीन वर्षांत सार्वत्रिक सोय ठरली.

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सँडी ब्रॉन्डेलो प्रशिक्षक म्हणून आल्या. २०२३ च्या आरंभी ब्रियाना स्टुअर्ट, जॉनक्वेल जोन्स आणि अनुभवी चेंडूवाहक कोर्टनी व्हँडरस्लूट या तिघी एकाच वेळी संघात दाखल झाल्या. ४० पैकी ३२ सामने जिंकून हा संघ अंतिम फेरीत गेला. तेथे लास वेगास एसेसने त्याला ३-१ असे हरविले. चौथ्या सामन्यात एसेसच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी असूनही लिबर्टीला ७०-६९ असा, एका गुणाने, पराभव पत्करावा लागला. तोही ब्रुकलिनमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर.

साखळी सामने

२०२४ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या हंगामात देशाचे बहुतेक लक्ष इंडियाना फिव्हरच्या नवोदित केटलिन क्लार्ककडे होते. लिबर्टीने पुन्हा ४० पैकी ३२ सामने जिंकले आणि बारा संघांत पहिला क्रमांक राखला. स्टुअर्टने सामन्यामागे सरासरी २०.४ तर आयोनेस्कूने १८.२ गुण मिळविले. जूनमध्ये कमिशनर्स कप या हंगामांतर्गत स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिंक्सने त्यांना ९४-८९ असे नमविले, ही पुढे येणाऱ्या मालिकेची चाहूल होती.

जुलैच्या मध्यापासून पॅरिस ऑलिम्पिकसाठी महिनाभराची विश्रांती होती. अमेरिकेने अंतिम सामन्यात फ्रान्सला ६७-६६ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात लिबर्टीच्या स्टुअर्ट व आयोनेस्कू होत्या, लिंक्सची नफीसा कोलियर होती आणि प्रशिक्षक होत्या लिंक्सच्याच चेरिल रीव्ह. दोन महिन्यांनी याच मंडळी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. लिबर्टीच्या लिओनी फीबिश आणि नायरा साबाली या दोघी जर्मनीकडून खेळून परतल्या. या दोन नावांकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

बाद फेरीत ब्रॉन्डेलो यांनी एक धाडसी बदल केला. व्हँडरस्लूटला राखीव ठेवून त्यांनी लीगमध्ये पहिलाच हंगाम खेळणाऱ्या फीबिशला सुरुवातीच्या पाचांत घेतले. फीबिश उंच आहे आणि बचावात तिचा हात सर्वत्र पोहोचतो, हे त्यामागचे कारण. अटलांटा ड्रीमला २-० असे हरविल्यावर उपांत्य फेरीत समोर आला तोच लास वेगास संघ. पहिल्या सामन्यात स्टुअर्टने ३४ गुण केले आणि मालिका लिबर्टीने ३-१ अशी जिंकली. गतवर्षीचे उट्टे निघाले, पण चषक अजून दूर होता.

अंतिम मालिका

पहिला सामना १० ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये झाला. लिबर्टीकडे एका क्षणी १८ गुणांची आघाडी होती. ती हळूहळू विरघळली. अखेरच्या क्षणांत कोर्टनी विल्यम्सची तीन गुणांची फेक यशस्वी झाली, शिवाय त्याच वेळी लिबर्टीकडून धक्का लागल्याने तिला एक फ्री थ्रोही मिळाला. एका झटक्यात चार गुण, आणि लिंक्स ८४-८३ असे पुढे. घड्याळात ०.८ सेकंद असताना स्टुअर्टला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला, बरोबरी झाली. दुसरा हुकला. जादा वेळेत शेवटची फेकही तिच्याच हातून निसटली आणि लिंक्सने ९५-९३ असा विजय मिळविला.

फ्री थ्रो हा बास्केटबॉलमधला सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत निर्दय प्रकार. कोणी अडवीत नाही, कोणी ढकलीत नाही. रेषेवर उभे राहून १५ फुटांवरून चेंडू टाकायचा. हुकला तर सांगायला कारण नसते. स्टुअर्ट दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेली, दोन विजेतेपदे मिळविलेली. तरी त्या रात्रीनंतर तिच्याविषयी शंका घेतली गेलीच.

दुसरा सामना लिबर्टीने ८०-६६ असा जिंकला. मिनियापोलिसमधील तिसऱ्या सामन्यात १५ गुणांची पिछाडी भरून काढताना स्टुअर्टने ३० गुण केले आणि अखेरचा एक सेकंद उरला असताना आयोनेस्कूने सुमारे २८ फुटांवरून फेकलेल्या चेंडूने ८०-७७ असा निकाल लागला. चौथ्या सामन्यात लिंक्सच्या ब्रिजेट कार्लटनने दोन सेकंद शिल्लक असताना मिळालेले दोन्ही फ्री थ्रो सफल केले. लिंक्स ८२-८०. मालिका २-२.

पाचव्या सामन्याचे आकडे विजेत्या संघाचे वाटत नाहीत. लिबर्टीने तीन गुणांच्या २३ फेका केल्या. त्यांतील २ यशस्वी झाल्या. आयोनेस्कूच्या १९ फेकांपैकी एकच बास्केटमध्ये गेली. स्टुअर्टच्या १५ पैकी ४. लिंक्सने पूर्वार्धात १२ गुणांपर्यंत आघाडी घेतली होती. ज्या दोघींच्या जोरावर संघ येथवर आला त्या दोघींचे हात त्या रात्री गोठले होते, आणि तरीही लिबर्टी सामन्यातून बाहेर फेकली गेली नाही. याचे श्रेय जोन्सच्या १७ गुणांना आणि त्या दोन जर्मन खेळाडूंना द्यावे लागेल. फीबिश आणि राखीव खेळाडू म्हणून आलेली साबाली यांनी प्रत्येकी १३ गुण केले. स्टुअर्टने नेम चुकत असतानाही १५ रिबाऊंड घेतले. विजेतेपदाच्या सामन्यात मुख्य नेमबाज अपयशी ठरावेत आणि बाकीच्यांनी सामना ओढून न्यावा, असे क्वचितच पाहायला मिळते. माझ्या मते हा संघ खऱ्या अर्थाने घडला तो याच रात्री.

५.२ सेकंद बाकी असताना लिंक्स ६०-५८ असे पुढे होते. स्टुअर्ट बास्केटकडे झेपावली, अलाना स्मिथचा तिला स्पर्श झाला आणि पंचांनी शिट्टी वाजविली. रीव्ह यांनी निर्णयाला आव्हान दिले. चित्रफीत पाहून पंचांनी तो कायम केला. दहा दिवसांपूर्वीच्याच मैदानावर स्टुअर्ट पुन्हा त्या रेषेवर उभी राहिली. दोन्ही चेंडू आत गेले. लिंक्सच्या केला मॅकब्राइडची शेवटची फेक हुकली. जादा वेळेच्या सुरुवातीलाच फीबिशने तीन गुण मिळवून दिले आणि त्या पाच मिनिटांत लिंक्सला केवळ दोन गुण करता आले.

रीव्ह यांनी सामन्यानंतर, विजय आपल्याकडून हिरावून घेतला गेला, असे संतप्त शब्दांत सांगितले. लिबर्टीला २५ फ्री थ्रो मिळाले, लिंक्सला ८. हा फरक मोठा आहे आणि शेवटची शिट्टी कठोर होती, हे मान्य करायला हवे. स्पर्श झाला होता. पण तशा स्पर्शांकडे पंच अनेकदा दुर्लक्ष करतात. मिनेसोटात हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेली जोन्स बहामाज बेटांवरील फ्रीपोर्टची. शाळकरी वयातच बास्केटबॉलसाठी घर सोडून ती अमेरिकेत आली. २०१९ आणि २०२२ मध्ये कनेक्टिकट सनकडून, २०२३ मध्ये लिबर्टीकडून, अशा तीन अंतिम मालिका ती हरली होती. ब्रॉन्डेलो यांनी २०१४ मध्ये फिनिक्सला विजेतेपद मिळवून दिले होते. दोन वेगवेगळ्या संघांना जिंकून देणाऱ्या त्या लीगमधील पहिल्या प्रशिक्षक ठरल्या.

न्यूयॉर्कच्या पुरुष संघांपैकी निक्सने १९७३ मध्ये आणि नेट्सने १९७६ मध्ये, तेही एबीए या निराळ्या लीगमध्ये, शेवटचे विजेतेपद मिळविले होते. शहराची ४८ वर्षांची प्रतीक्षा महिलांनी संपविली. आपल्या वाचकांना यावरून त्याच वर्षीचा मार्च आठवेल. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या महिला क्रिकेट संघाने, पुरुष संघाला तोवर न मिळालेला चषक घरी आणला होता. २४ ऑक्टोबरला मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून लिबर्टीची मिरवणूक निघाली. त्यात सर्वाधिक टाळ्या कोणाला मिळाल्या हे सांगणे कठीण. संघाची शुभंकर असलेली एली नावाची हत्तीणही त्या स्पर्धेत होती.

मानधनाचा प्रश्न

अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, खेळाडूंच्या संघटनेने लीगसोबतचा वेतनकरार मुदतीआधी संपविण्याचा निर्णय जाहीर केला. त्या जुलैमध्ये लीगने ११ वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी सुमारे २.२ अब्ज डॉलरचा करार केला होता. त्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना हवा होता. अनेक वर्षे या खेळाडू उन्हाळा अमेरिकेत आणि हिवाळा रशिया, तुर्कस्तान किंवा चीनमध्ये खेळून काढीत, कारण तेथे पैसे अधिक मिळत. स्टुअर्टच्या टाचेचा स्नायुबंध २०१९ मध्ये तुटला तो अशाच एका युरोपीय स्पर्धेत, हंगेरीत, रशियन संघाकडून खेळताना. त्यापायी तिचा त्या वर्षीचा अमेरिकी हंगाम वाया गेला. यावर उपाय म्हणून तिने अनराइव्हल्ड ही तिघींच्या संघांची हिवाळी लीग काढली. जानेवारी २०२५ मध्ये मायामीत ती सुरू झाली. या उपक्रमातली तिची भागीदार म्हणजे लिंक्सची नफीसा कोलियर.

२०२५ च्या हंगामात फिनिक्सने लिबर्टीला बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात २-१ असे हरविले. त्यानंतर संघाने ब्रॉन्डेलो यांच्याशी करार पुढे चालविला नाही.