उन्हाळा, वीज आणि पत्र्याचे छप्पर

विजेचा प्रश्न हा अभियंत्यांचा प्रश्न, असे आपल्याकडे मानले जाते. बाबासाहेबांनी तो तसा मानला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्यांच्याकडे होते आणि वीजही त्याच खात्यात येई. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढे त्यांनी वीज मुबलक आणि स्वस्त हवी, असा आग्रह धरला. उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही आणि विजेवाचून उद्योग नाहीत, हा त्यामागील विचार.

आता विजेची मागणी ऊनही ठरवते. कूलर आणि वातानुकूलन यंत्रे चालली आणि ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी सुमारे २५० गिगावॅटवर गेली. तोवरचा तो उच्चांक. त्याच आठवड्यात ब्रह्मपुरीत पारा ४७ अंशांच्या आसपास होता. याच चंद्रपूर जिल्ह्यात २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. राख इथली, धूर इथला. थंडावा मात्र तारेवरून दूर जातो.

सूर्य मावळला की सौरवीज थांबते, भार कोळशावर येतो. पत्रा मात्र दिवसभर प्यालेली आग रात्री खोलीत ओततो. पंखा खरा लागतो तो तेव्हा. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा अपुरा पडला, तेव्हा राज्यात भारनियमनाचा पहिला मान गळती आणि थकबाकी जास्त असलेल्या फीडरना मिळाला. हिशेबाच्या वहीत हे न्याय्य दिसते. पण एका फीडरवर शेकडो घरे असतात. नियमाने बिल भरणारी बाईही आकडा टाकणाऱ्याबरोबर अंधारात बसते. (एकाच्या दोषासाठी सगळ्या वस्तीला शिक्षा, ही रीत आपल्याला नवी नाही!) कोणत्या फीडरवर कोणती वस्ती येते, एवढे तरी आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडून पाहावे.