आईच्या धुण्याच्या खोलीतला कारखाना

दार ढकलताच साबणाऐवजी कातड्याचा वास तुमच्या नाकात शिरतो. साल १९२० च्या आसपासचं, गाव बव्हेरियातलं हेर्त्सोगेनआउराख. जर्मनी पहिलं महायुद्ध हरलाय. पाउलिना डास्लर या खोलीत लोकांचे कपडे धुऊन द्यायची. युद्धानंतर ते काम बसलं आणि खोली तिच्या धाकट्या मुलाच्या हाती आली. विशीतला आडोल्फ, घरच्यांचा आडी.

विजेचा भरवसा नाही. म्हणून आडीनं सायकल लाकडी चौकटीवर पक्की बसवलीय. चाकावरून निघालेला पट्टा कातडं तासायचं यंत्र फिरवतो. तुम्हीच बसा सीटवर, मारा पायडल. पाय जरा मंदावले की पातं रेंगाळतं आणि कातड्याची कड खडबडीत सुटते. घाम फुटेपर्यंत एकसारखा वेग ठेवायचा, तेव्हा कुठे तुकडा सरळ निघतो.

टेबलावरचा माल मात्र पाहवत नाही. सैनिकांच्या शिरस्त्राणांतली चामडी अस्तरं, त्यांच्या पावाच्या पिशव्या, पॅराशूटचं रेशीम. ज्यांनी ते वापरलं त्यातले किती घरी परतले असतील? आडी त्यातूनच तळवे कापतो, सपाता शिवतो. पोट त्यावर चालतं. जीव मात्र मैदानात अडकलेला, कारण तो स्वतः खेळाडू आहे. धावणाऱ्याला वेगळा बूट हवा, फुटबॉलवाल्याला वेगळा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पुढे त्सेलाइन कुटुंबाच्या लोहारशाळेत बुटांचे खिळे हातानं घडवले जातात. एकेक खिळा ऐरणीवर ठोकलेला.

थोरला भाऊ रुडोल्फ बोलका, विक्री त्याची. १ जुलै १९२४ ला दोघांच्या नावानं कंपनी नोंदली जाते. थोड्याच काळात डझनभर माणसं दिवसाला ५० जोड करू लागतात आणि क्रीडामंडळांकडून मागणी येते. १९२७ मध्ये कारखाना रेल्वे स्टेशनजवळ हलतो. मालाची खोकी गाडीत चढवायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

आता चला ॲमस्टरडॅमला, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये. बायकांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होतेय. जर्मनीची लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जागतिक विक्रम करून जिंकते. पायात डास्लरांचे बूट. शर्यतीनंतर बायका कोसळल्याचा गवगवा होतो आणि १९६० पर्यंत ही शर्यत त्यांना पुन्हा मिळत नाही. हा उघड अन्याय होता. बुटानं, पायानं आणि त्या बाईनं आपलं काम चोख केलं होतं.

भावांचं पुढे फाटलं. आडीनं १९४९ मध्ये आदिदास नोंदवली, रुडोल्फनं त्याच गावात प्यूमा उभी केली. आडीचा तो विचार लक्षात ठेवा: दुकानात बूट घेताना रंगाआधी तो उलटा करा, तळवा नीट बघा आणि विक्रेत्याला विचारा, हा नेमका कोणत्या खेळाचा?